चुकायला जागा

आत्याने बोट मागे घेतलं आणि ती यंत्राला म्हणाली, "माफ करा हं."

एवढंच झालं. सकाळचे दहा वाजले होते, हॉस्पिटलच्या त्या लांबरुंद हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती, आणि त्यांतल्या कुणाच्याही कानावर ते गेलं नसेल. मागे उभ्या असलेल्या भाचीच्या कानावर मात्र गेलं, आणि पायरी आहे असं समजून टाकलेलं पाऊल सपाट जमिनीवर आदळावं तसं तिच्या आत काहीतरी आदळलं. ती आत्याच्या मागे तीन पावलांवर उभी होती, एका हातात आत्याची पिशवी, दुसऱ्यात चष्म्याचं घर. नावनोंदणीचं यंत्र छातीएवढ्या उंचीचं होतं, तोंड काचेचं, आणि त्या काचेवर जो शांत निळा रंग पसरला होता तो तिनेच निवडलेला होता. अकरा दिवस लागले होते तिला तो निळा ठरवायला. अक्षरांची जाडी तिची, चौकटींचे गोल कोपरे तिचे, आणि आत्याने चुकून दुसरंच काहीतरी दाबल्यावर जो लाल पट्टा आला, "चुकीची माहिती", तोही तिचाच. पट्ट्याबरोबर यंत्राने टूं केलं. रांगेतल्या माना एकदम वर झाल्या. आत्या आधी एकदा कार्ड घ्यायला पिशवीकडे वळली होती आणि तेवढ्यात पाठीमागे पडदा पुसला जाऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून आलं होतं. मग तिने जन्मतारीख घातली ती आपण सगळे सांगतो तशी, आधी दिवस, आणि यंत्राला हवं होतं आधी वर्ष. टूं. पुन्हा टूं. आणि मग ते "माफ करा हं", एखाद्या साहेबाच्या केबिनमध्ये न विचारता शिरल्यावर म्हणावं तसं, मान किंचित झुकवून. नंतर आत्या वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वैतागही नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "तू कर गं," ती म्हणाली. "माझ्या बोटांत आता राम राहिला नाही."

तिने केलं. पाच वेळा बोट लावलं, टोकन हातात आलं. आत्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारासमोर बसल्या तेव्हा आत्या समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि ती स्वतः आपल्या नखांकडे. सांगावं का? अगं, ते यंत्र आहे ना, ते मी केलंय. आत्याला एवढंच ठाऊक होतं की भाची "कॉम्प्युटरवर पाट्या रंगवते" आणि दोन वर्षांपूर्वी तिला कसलंसं बक्षीस मिळालं. ते याच पडद्यांसाठी मिळालं होतं. काचेचा एक पिरॅमिड, तो ऑफिसात टेबलावर असायचा आणि दुपारच्या उन्हात कागदांवर इंद्रधनुष्य पाडायचा. बक्षीस घेताना ती साधेपणावर बोलली होती. जे जे काढता येईल ते ते काढून टाकलं, असं म्हणाली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. काढून टाकलेल्या गोष्टींत एक "मागे" जाण्याचं बटण होतं. दिसायला गिचमिड होत होती म्हणून. आता त्या बाकावर बसल्या बसल्या तिला ते बटण आठवलं, डाव्या कोपऱ्यात असायचं ते. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं कुणी हे सांगायची सोय नाही.

खरं म्हणजे जगात ज्या बोटांत राम होता असं ती लहानपणापासून धरून चालली होती, ती आत्याचीच बोटं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, बाप कामानिमित्त महिनोन्महिने बाहेरगावी, आणि आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. शाळा सुटली की ती एक्स्चेंजच्या विश्रांतीच्या खोलीत जाऊन बसायची आणि अर्धवट उघड्या दारातून बघायची. छिद्रांची एक भिंत, समोर उंच खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीवर आत्या, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी, ही वायर इथे, ती तिथे, बघायला मान वळवायची नाही, बोटांनाच दिसायचं. पण बोटांपेक्षा नवलाचं होतं ते बोलणं. आत्या सतत काहीतरी बोलत असायची. "जोडतेय हं." "वाजतोय तिकडे." "उचलत नाहीत अजून, पण मी आहे लाइनवर." बाकीच्या बायका नंबर जोडून गप्प बसायच्या. तिने एकदा विचारलं होतं, एवढं का बोलतेस म्हणून. आत्या म्हणाली होती, "पलीकडच्याला मी दिसत नाही ना टिंबू. मी तीन सेकंद गप्प बसले की त्याला वाटतं, आपण विहिरीत पडलो." आणि कुणी चुकीचा नंबर सांगितला तर ती कधीही "तुमचा नंबर चुकला" म्हणायची नाही. "हा लागत नाहीये. परत एकदा बघूया का?" असं म्हणायची, जणू नंबर दोघांचा मिळून होता. वरच्या बाईंनी त्यावरून कानउघाडणी केली होती, वेळ फार जातो म्हणून. आत्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "घाबरलेला माणूस बहिरा होतो," ती घरी भाकऱ्या भाजता भाजता म्हणाली होती. "बहिऱ्याला शिव्या देऊन काय फायदा?" आणि ती स्वतः, टिंबू, एका संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून एक्स्चेंजला फोन लावून नुसती श्वास घेत उभी राहिली होती. आईचा वास असलेली एक साडी कपाटात सापडली होती तिला, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पलीकडून किती फोन येत असतील त्या वेळी! तरी आत्याने नुसत्या श्वासावरून ओळखलं. "टिंबू, मी आहे. बोलू नकोस. नुसती थांब." आणि मधूनमधून दुसऱ्यांच्या लाइनी जोडत, दर थोड्या वेळाने परत येऊन, "आहे हं मी," असं ती सात वेळा म्हणाली होती. टिंबूने मोजलं होतं.

त्या बाईने आज एका ठोकळ्याची माफी मागितली.

पुढच्या दोन आठवड्यांत आत्या एकेक गोष्ट सोडत गेली. मोबाइल ड्रॉवरमध्ये गेला, "तुझा फोन येतो तो घरच्यावर येतोच की." वाचनालयात पुस्तक बदलायलाही आता यंत्र बसवलंय म्हणून वाचनालय बंद. लिफ्टची बटणं नवीन आली होती, नुसता स्पर्श केला की चालणारी, तर आत्या तीन मजले चढून यायची आणि दम लागला की कठड्याला धरून उभी राहायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन महिन्यांवर होतं, पण हा दोष डोळ्यांचा नव्हता. गुरुवारी ती आत्याकडे गेली तेव्हा टेबलावर एक छापील अर्ज होता, वृद्धाश्रमाचा. "मागवून ठेवलाय," आत्या म्हणाली, भाजी निवडत. "चांगलं आहे म्हणतात. सगळं तेच करतात तिथे. आपण काही करायचं नाही." जी बाई आयुष्यात कुणाला आपल्या चहात साखर घालू देत नव्हती, ती हे म्हणत होती, आणि आवाजात दुःखही नव्हतं. चुकलेला नंबर पुन्हा न लावता ठेवून दिल्यासारखा आवाज.

ऑफिसात एक व्यवस्थापक होते, त्यांना सगळे पाठीमागे टक्केसाहेब म्हणत. लाचेबिचेचा संबंध नव्हता, बिचारे सरळमार्गी होते, पण त्यांना जगातली कुठलीही गोष्ट शेकड्यातच कळायची. बायकोचा ताप किती उतरला हेही ते टक्क्यांत सांगतात, अशी एक कोटी होती. त्यांना तिने विचारलं, आपलं यंत्र लोकांना जमतं का हो? ते खूष झाले. "शंभरातले चौऱ्याण्णव पार पडतात. आणखी काय हवं? बाई, आता हेच यंत्र आणखी अकरा हॉस्पिटलांत जायचंय, सहा आठवड्यांत. जरा रंगरंगोटी ताजी करा." ती प्रोग्रामरबाईंकडे गेली. प्रोग्रामरबाई पन्नाशीच्या, बोलायला तुसड्या, कामाला चोख. "चौऱ्याण्णव हे कुणातले?" तिने विचारलं. "शेवटपर्यंत गेले त्यांतले आणि 'चुकलं' म्हणून थांबले त्यांतले," प्रोग्रामरबाई म्हणाल्या. "वेळ संपून पुसले गेले ते धरत नाही. अर्धवट नोंदी. तूच म्हणाली होतीस, गाळ म्हणून." तिला आठवेना. पण म्हणाली असेल. "किती असतात ते गाळलेले?" प्रोग्रामरबाईंनी दोनचार कळा दाबल्या, पडद्याकडे बघितलं आणि मग चष्मा काढला. "शंभरात एकतीस," त्या म्हणाल्या. "अगं बाई."

मग ती नऊ दिवस रोज सकाळी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये जाऊन बसली, वही घेऊन. आजवर तिने लोकांना कधी बघितलंच नव्हतं असं नाही. बघितलं होतं, ऑफिसात बोलावून, समोर सरबत ठेवून, काय वाटतं विचारून. ती माणसं निरोगी होती. त्यांच्या मागे रांग नव्हती. इथे एक गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पडद्यावरचं सगळं बायकोला मोठ्याने वाचून दाखवू लागले, दोनदा, तीनदा, बोट न लावता, आणि तिला हळूहळू उमगलं की त्यांना काही कळत नाहीये आणि ते बायकोला कळू द्यायचं नाहीये. एक बाई आली, कडेवर तापाने फणफणलेलं मूल, एकच हात मोकळा, आणि "पुढे"चं बटण नेमकं मूल होतं त्या बाजूला वरच्या कोपऱ्यात. एक म्हातारे पडद्याकडे बघून हात जोडून उभे राहिले, काहीतरी आपोआप होईल म्हणून, आणि वीस सेकंदांनी पडदा पुसला गेला तेव्हा समाधानाने निघून गेले, झालं काम असं समजून. हा वीस सेकंदांचा नियम तिचा होता. एकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये म्हणून केलेला, चांगल्या मनाने केलेला. पण माणूस कार्ड शोधायला खिशात हात घालतो तेव्हा तो वीस सेकंद मोजत नाही. तिने आणखी एक पाहिलं: कुणीही वाचत नव्हतं. दुखणाऱ्या माणसाचे डोळे अक्षरांवरून घसरतात. तो फक्त शोधत असतो, इथून सुटायचं कुठून. आणि टूं वाजलं की माणूस आधी यंत्राकडे बघत नाही, मागे बघतो. कुणी ऐकलं का, ते. यंत्र बिघडलंय असं नऊ दिवसांत फक्त एक जण म्हणाला, चौदापंधरा वर्षांची एक मुलगी. बाकी सगळे, इस्त्रीवाले आणि बिनइस्त्रीवाले, एकच वाक्य म्हणत होते, आपापल्या शब्दांत. मला जमत नाही. माझंच चुकलं. आम्ही काय, जुनी माणसं. ती लिहीत गेली आणि वहीची पानं तिच्या हाताखाली जड होत गेली.

दारावर एक रखवालदार होता, सगळे त्याला काका म्हणायचे. सहाव्या दिवशी तोच तिच्याजवळ आला. "बाई, तुम्ही यंत्रवाल्यांकडून ना? मग एक सांगू? रागावू नका. दिवसाला सत्तरऐंशी जणांचं मीच दाबतो. माणूस आत शिरतानाच कळतं मला. यंत्राच्या अलीकडे दोन फुटांवर थबकला की समजायचं, हा आपला." ती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे ते चौऱ्याण्णव! त्यांतले कितीतरी या एका माणसाच्या उजव्या तर्जनीचे होते. बक्षीसही तसं बघितलं तर याचंच. "तुमचं दारावरचं काम?" तिने विचारलं. "ते राहतंच," तो हसला. "पण दार काय, उघडंच असतं."

आकडा घेऊन ती बैठकीत टक्केसाहेबांपुढे उभी राहिली. एकतीस गाळलेले, आणि उरलेल्यांतले काकांचे. त्यांनी कागद उलटसुलट केला. वाईट माणूस नव्हता, पण अकरा हॉस्पिटलांना शब्द दिलेला माणूस होता. "अहो, काही लोकांना कधीच जमत नाही," ते म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं, त्यातली गत. त्यांच्यासाठी आपण यंत्र मोडायचं का?" आणि इथे तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, जरासा परका. "साहेब, अंगण मी आखलंय. ते वाकडं आहे." खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. आपण बनवलेली, बक्षीस मिळालेली वस्तू चार लोकांत वाकडी म्हणणं हे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, आणि वाटली ती वेगळीच गोष्ट, दाढ काढल्यावर जीभ त्या रिकाम्या जागी जाते तेव्हाचा मोकळेपणा. टक्केसाहेबांनी बराच वेळ पेन टकटकवलं. शेवटी म्हणाले, "चार आठवडे. मग एक सकाळ, त्याच हॉलमध्ये, जुनं आणि नवं शेजारीशेजारी. हॉस्पिटलच्या अधीक्षक बाई येतील, मी येईन. नवं मागे पडलं तर जुनंच अकरा ठिकाणी जाणार आणि हा विषय बंद. आणि तुमचं नावही त्या कामावर राहणार नाही." "चालेल," ती म्हणाली. "पण काकांचे हात खिशात राहायला हवेत."

त्याच संध्याकाळी ती आत्याकडे गेली. "एक्स्चेंजमध्ये तू नेमकं काय काय म्हणायचीस गं?" तिने विचारलं. "ओळ न ओळ सांग." आत्या संशयाने बघत म्हणाली, "तुला कशाला?" आणि मग तिच्याने लपवणं होईना. तिने सांगितलं. हॉस्पिटलातलं ते यंत्र मी केलंय. तो निळा, तो लाल, तो टूं, सगळं मीच.

आत्या गप्प झाली. तीन सेकंद, चार, पाच. विहिरीत पडल्यासारखं वाटणं म्हणजे काय हे टिंबूला चाळीस वर्षांनी नीट कळलं.

"तूच होतीस होय ती बया!" आत्या म्हणाली. "मी माफी मागितली त्या मेल्याची! घरी येऊन रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे. म्हटलं, संपलं आपलं. आता डोकं चालत नाही. आणि तू तिथे उभी होतीस पिशवी घेऊन! तोंडात काय धरलं होतंस?"

"लाज वाटली."

"तुला लाज वाटली? आणि मला काय वाटलं असेल?" आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आवाज चढला होता, आणि टिंबू ती बोलणी खाताना मनातल्या मनात जवळजवळ नाचत होती, कारण कित्येक दिवसांत प्रथमच त्या आवाजात जीव होता. राग यंत्रावर होता. स्वतःवरचा हलून तो जिथे असायला हवा तिथे, बाहेर, आला होता. "म्हणजे माझं चुकलं नव्हतंच," आत्या म्हणाली, हळू. मग पुन्हा, स्वतःशी चव घेऊन बघितल्यासारखं, "माझं नव्हतंच चुकलं." आणि मग तिने हात पुढे केला. "पेन्सिल दे. कागद कुठाय?" टेबलावर हाताशी होता तो कागद तिने ओढला आणि उलटा केला, तो वृद्धाश्रमाचा अर्ज होता, मागची बाजू कोरी. "काय लिहिलंयस तू तिथे? वाचून दाखव." टिंबूने वाचलं: कृपया आपली जन्मतारीख अचूक भरा. "कृपया कशाला? दुखतंय त्याला. आणि अचूक म्हणजे काय, आम्ही काय आपली जन्मतारीख खोटी सांगायला येतो? 'तुमचा जन्म कधीचा?' बस. आधी दिवस. आणि हे पहिल्यांदाच का विचारता? आल्या आल्या कुणी जन्मतारीख विचारतं का घरी? आधी विचार, कशासाठी आलात. त्याचं उत्तर येतं माणसाला. एक उत्तर बरोबर आलं की दुसऱ्याला धीर येतो." ती लिहीत गेली, तिच्या त्या तिरप्या, दाबून काढलेल्या अक्षरांत. 'शोधतेय हं.' 'सापडलं तुमचं नाव.' 'ही तारीख मिळत नाहीये. परत एकदा बघूया का?' कागद पुरेना तेव्हा तिने अर्जाच्या समासात लिहायला घेतलं, मग चक्क "अर्जदाराचे नाव" या ओळीवरून.

चार आठवडे ती आणि प्रोग्रामरबाई भांडत भांडत काम करत राहिल्या. "मागे"चं बटण परत आलं, प्रत्येक पडद्यावर, त्याच जागी, कुठल्याही हाताने पोचता येईल असं खाली. टूं गेलं. पुसणारं घड्याळ गेलं, त्याऐवजी बराच वेळ कुणी हललं नाही तर पडद्यावरची माहिती झाकली जायची आणि यंत्र विचारायचं, "आहात ना? सावकाश होऊ द्या." बोट लावलं की सगळं जिथल्या तिथे. प्रोग्रामरबाई म्हणाल्या, यंत्राला एवढं लाडिक बोलायला लावणं त्यांना मरेपर्यंत पटणार नाही, आणि मग तो भाग त्यांनी सगळ्यांत निगुतीने केला. सगळ्यांत मोठी सुधारणा पडद्यावर नव्हतीच. तिने सुताराला बोलावून यंत्र पाव फेरा वळवून घेतलं, म्हणजे रांगेला काच दिसणार नाही, आणि उभं राहायची रेघ पाच पावलं मागे नेली. एवढ्यासाठी तिला रंगाचं शिक्षण लागलं नव्हतं.

ती सकाळ उजाडली. दोन यंत्रं, मधे खांब, काका दारात, हात खिशात घातलेले आणि चेहरा अवघडलेला. टक्केसाहेबांच्या हातात घड्याळ. पहिल्या अर्ध्या तासातच तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवं यंत्र हळू होतं. जुन्यावर ज्यांचं काम होत होतं ते चाळीस सेकंदांत मोकळे होत होते. नव्यावर जवळजवळ मिनिट लागत होतं. टक्केसाहेबांनी घड्याळ तिच्या बाजूला जरा कलतं धरलं. तिला हात धुवावेसे वाटले, बाहेर जावंसं वाटलं. मग तिने आकड्यांवरून नजर काढली आणि माणसं बघायला लागली, त्या नऊ दिवसांत बघितली होती तशी. नव्या यंत्रापुढे एक आजोबा कार्ड शोधत होते. या खिशात, त्या खिशात, मग टोपीत. मागे वळून पाहत नव्हते. एका बाईने चुकीची तारीख घातली, "हो का?" असं यंत्रालाच म्हणाली आणि पुन्हा घातली. कुणाचे खांदे कानांपर्यंत चढत नव्हते. आणि जुन्यापुढे तीच ती जुनी मिरवणूक, टूं, वळलेल्या माना, दोन फुटांवर थबकणं, काकांच्या दिशेने केविलवाणी नजर, आणि काका मान दुसरीकडे वळवून, जणू त्यांनाच शिक्षा झालीय. बारा वाजता प्रोग्रामरबाईंनी आकडे वाचले. जुन्यापुढे चौसष्ट आले, सदतीस आपलं आपण टोकन घेऊन गेले. नव्यापुढे एकाहत्तर आले, एकोणसत्तर पार पडले. राहिलेल्या दोघांतला एक पोस्ट ऑफिस शोधत आला होता आणि दुसऱ्याची बायको बाहेर गाडीतच राहिली होती, तिला आणायला तो अर्ध्यातून गेला.

"पण वेळ," टक्केसाहेब म्हणाले. सवयीनेच म्हणाले. "माणशी अठरा सेकंद जास्त."

अधीक्षक बाई खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी दाराकडे बघितलं. "काका, तुम्ही तीन वर्षं इथे आहात. तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी खिशातून हात काढले. "बाई, या नव्यावाल्यांपैकी एकानेसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही," ते म्हणाले. "आज तीन वर्षांत पहिल्यांदा मला दारातून कोण आलं नि कोण गेलं ते दिसलं."

अधीक्षक बाई हसल्या नाहीत. "अकरा नको," त्या टक्केसाहेबांना म्हणाल्या. "आधी या हॉस्पिटलातली चारही यंत्रं बदला. आजच्या आज मागवा. अकराचं ती हॉस्पिटलं स्वतःच येऊन सांगतील तुम्हाला." टक्केसाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि तिच्यासमोर मान लववून म्हणाले, "सत्त्याण्णव टक्के, बाई. आणि या खेपेला खरे." प्रोग्रामरबाईंनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तिला ठसका लागला. अंगातून काहीतरी गरम वर चढत होतं, कानांपर्यंत, आणि तिला टाळ्यांचा तो दिवस आठवला नाही, पिरॅमिड आठवला नाही. तिला फक्त हसू येत होतं, आणि ती ते त्या भर हॉलमध्ये, आजारी माणसांच्या गर्दीत, आवरू शकली नाही.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला आत्या आली तेव्हा चारही यंत्रं बदललेली होती. टिंबूने हात पुढे केला तर आत्या म्हणाली, "तू तिकडे बस." ती रेघेवर उभी राहिली, पाळी आली तशी पुढे गेली. कशासाठी आलात, ते दाबलं. जन्म कधीचा, ते घातलं. आणि टोकन येईल म्हणून टिंबू उठून उभी राहते तोच आत्या थांबली, तिने चष्मा नीट केला, "मागे" दाबलं आणि तारीख पुसून दुसरीच घातली. यंत्र म्हणालं, ही तारीख मिळत नाहीये. परत एकदा बघूया का? आत्याने मान हलवली, बरं म्हटल्यासारखी, आणि आणखी एक चुकीची घातली, या खेपेला शंभर वर्षांपूर्वीची. मग नुसतीच उभी राहिली, हाताची घडी घालून, यंत्र काय करतं ते बघत. "आहात ना? सावकाश होऊ द्या." आत्या खुदकन हसली. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. विभाग बदलून थेट बाळंतपणाचा केला, आणि तिथे आपलं नाव बघून इतकी हसली की खांदे हलायला लागले. रांग आता बरीच वाढली होती. रेघेवरचे एक गृहस्थ घसा खाकरत होते, मग त्यांच्याने राहवेना. "अहो बाई," ते म्हणाले, "येत नसेल तर जरा बाजूला व्हा, दुसऱ्यांना करू द्या."

आत्या वळली. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, आणि तिने त्या सगळ्यांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश बघून घेतलं.

"येतंय की!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "येतंय म्हणून तर चुकून बघतेय!"